पॅसेज मायग्रंटला मराठीत काय म्हणायचं?

खाडीकाठ (ऐरोली)
सोसायटीतल्या मुलांना रविवारी खाडीवर पक्षी बघायला न्यायचंय, त्यासाठी दोन पानी मराठी पत्रक करतेय. शीर्षक आहे ‘पानगळीच्या मोसमातील दुर्मिळ पक्षांचे दर्शन’. विंटर व्हिजिटरला ‘हिवाळी पाहुणा’ लिहिलं, तिथवर ठीक. अडलंय ते ‘पॅसेज मायग्रंट’ (स्थलांतराच्या वाटेत थोडं थांबून पुढे जाणारा) आणि ‘व्हेग्रंट’ (वाट चुकून भलतीकडे आलेला) या दोन शब्दांवर. पहिल्याला मी ‘वाटसरू’ केलं, दुसऱ्याला ‘भटका’. आमच्या गटातल्या एका काकांनी दोन्ही खोडले. म्हणाले, वाटसरू पायी जातो आणि भटका म्हणजे ज्याला घरच नाही तो.

एवढा आग्रह का, ते सांगते. गेल्या आठवड्यात घणसोलीच्या बाजूला, गवतावरून जाणाऱ्या विजेच्या तारेवर नीलपंख बसलेला दिसला. नेहमीचा समजून पुढे निघाले होते. पण छातीवर ती तपकिरी-जांभळट छटाच नाही. डोक्यापासून पोटापर्यंत सलग फिकट निळा, पाठ तेवढी विटकरी. उडाला तेव्हा पंखांची टोकाकडची पिसं काळी दिसली. आपल्या नीलपंखाच्या पंखात गडद-फिकट निळे पट्टे उघडतात. म्हणजे हा युरोपीय नीलपंख! आफ्रिकेला जाताना सप्टेंबर-ऑक्टोबरात तो पश्चिम भारतावरून जातो. दुसऱ्या दिवशी पहाटे गेले तर तार रिकामी. तो वाट चुकला नव्हता, त्याची वाटच इकडून आहे. हा फरक मुलांना एका शब्दात कळायला हवा.

कोपरीकर
‘वाटसरू’ अजिबात बदलू नका. ‘भटका’ मात्र काढा आणि ‘चुकार’ घ्या. माझ्या आजोळी जुन्नरकडे कळपातून सुटलेल्या वासराला चुकार म्हणायचे. संध्याकाळी आजोबा गोठ्यात गुरं मोजायचे. एक कमी भरलं की कंदील घेऊन बांधाबांधाने हाका मारत निघायचे. त्या वासराला घर आहे, कळप आहे, फक्त आज ते चुकलंय. वादळाने भलतीकडे ढकललेला पक्षी नेमका असाच.

शब्दनिष्ठ
चुकार म्हटलं की आजची मुलं कामचुकार समजणार. ‘पांथस्थ’ आणि ‘पथभ्रष्ट’ हे तयार शब्द आहेत. परिभाषा संस्कृतावरूनच घडवावी, म्हणजे पुढची रूपं आपोआप मिळतात. पक्षितज्ज्ञ मारुती चितमपल्लींनी ‘काकागार’ (कावळ्यांची वसाहत), ‘सारंगागार’ (बगळ्यांची वसाहत) असे शब्द दिले, ते चालतातच ना?

कोपरीकर
सारंगागार सुंदर शब्द आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ‘पथभ्रष्ट’मध्ये ठपका आहे. वाईट मार्गाला लागलेल्या माणसाला आपण पथभ्रष्ट म्हणतो. पाखरावर कसला ठपका ठेवता?

आळंदी ते ठाणे
आमच्या घरची वारी आहे, त्यामुळे मला दुसरेच शब्द आठवले. दुपारी पालखी टेकते तो विसावा. रात्री तंबू पडतात तो मुक्काम. विसाव्याला भाकरी खायची, पाय चोळायचे, पाणी भरून घ्यायचं आणि पुढं निघायचं. खाडीतले रोहित पक्षी नोव्हेंबरच्या सुमारास येतात ते मेपर्यंत असतात, त्यांना पाहुणा तरी कसं म्हणावं? ते मुक्कामी. तुमचा नीलपंख विसाव्याचा. आणि तो उतरतो ते गवत म्हणजे विसाव्याची जागा. तिथं भराव टाकला तर त्याला उपाशी चालवल्यासारखंच आहे, हेही मुलांना न सांगता कळेल.

खाडीकाठ
ताई, हे मनापासून पटलं. लगेच अमूर ससाण्याला लावून बघितलं. ईशान्य आशियातून निघून तो नागालँडात थव्याथव्याने उतरतो, वाळवीवर ताव मारून चरबी साठवतो आणि मग अरबी समुद्र ओलांडून आफ्रिका गाठतो. २०१३ मध्ये तिथे तिघांच्या पाठीवर उपग्रह यंत्रं बसवली होती. नागा, वोखा, पांगती अशी त्यांची नावं. समुद्रावर कुठे टेकणार? म्हणून आधीच्या विसाव्यात पोटभर खाणं आलंच, आणि ‘विसावा’ शब्दात ते आहे. ‘वाटसरू’त नाही.

शब्दनिष्ठ
शीर्षकाकडे कुणी बघितलंच नाही. ‘पक्षांचे’ म्हणजे राजकीय पक्षांचे, पाखरांचे ते ‘पक्ष्यांचे’. ‘दुर्मिळ’ नव्हे, ‘दुर्मीळ’. ‘दर्शन’ देवाचं, इथे ‘नोंदी’ हवं. आणि पानगळ आश्विनात कुठून आली? ती शिशिरात.

येऊरची पायवाट
पानगळीबद्दल शंभर टक्के बरोबर. येऊरला फेब्रुवारीत या, सागाची पानं पायाखाली पापडासारखी मोडतात. सप्टेंबरात तिथेच गच्च हिरवं असतं. ‘ऑटम’ म्हणजे पानगळ हे दुसऱ्या मुलखातलं समीकरण. आपल्याकडे सरळ ‘शरद’ लिहा. ‘दर्शन’ मात्र राहू द्या. तासभर चिखलात उभं राहिल्यावर पक्षी समोर येतो ते दर्शनच.

कोपरीकर
मुळात ‘दुर्मीळ’च कसा चालतो तुम्हाला? ‘दुर्’ संस्कृत, ‘मिळ’ आपल्या मिळण्यातला. संस्कृतच हवं तर ‘दुर्लभ’ म्हणा. नाहीतर ‘विरळा’, तुकोबांपासून चालत आलेला.

शब्दनिष्ठ
‘मिळ’ हाही संस्कृत ‘मिल्’वरूनच आला. ऱ्हस्वदीर्घाचा नियम तेवढ्याने सुटत नाही.

दिवाळे गाव
आमच्या कोळीवाड्यात आजी शरद म्हणायची नाही आणि पानगळही नाही. ‘हत्तीचा पाऊस सरला की पाखरं उतरतात,’ एवढंच. हस्त नक्षत्र संपलं की ओहोटीला चिखलावर बारीक पाखरांची रांग दिसायची, ती बोटाने दाखवायची. खाडीतल्या झाडांना पाट्यांवर आता ‘कांदळवन’ आलंय, आम्ही अजून तिवरंच म्हणतो. मुलांच्या पत्रकात निदान एकदा ‘तिवरं’ लिहा. आणि पक्षी ‘येतात’ नको, ‘उतरतात’ लिहा.

खाडीकाठ
दादा, ‘तिवरं’ घेतलं, ‘उतरतात’ही. शीर्षक आता ‘हत्तीचा पाऊस सरल्यावर’ करतेय. ‘विसाव्याचे पक्षी’ नक्की. व्हेग्रंटची जागा कोरी आहे आणि पत्रक उद्या सकाळी छापायला द्यायचंय. ‘चुकार’ला अजून कुणाची हरकत?

शब्दनिष्ठ
माझी आहे. शिवाय ‘पाखरू’ आणि ‘पक्षी’ एक नव्हेत. आमच्याकडे दिव्याभोवती फिरतं त्यालाही पाखरूच म्हणतात.

आळंदी ते ठाणे
आमच्याकडे त्याला चिलट म्हणतात.