बोलोन्यात विद्यार्थीच मास्तरांना दंड करायचे?

प्रश्न: मध्ययुगात इटलीतल्या बोलोन्या विद्यापीठात पोरंच प्रोफेसरांना दंड लावायची असं ऐकलं, खरंय का? आणि मास्तर ऐकून कसे घ्यायचे?

प्रतिसाद १: अगदी खरं. तिथे बाहेरगावहून कायदा शिकायला आलेल्या पोरांनी स्वतःची संघटना केली, तिचा प्रमुख म्हणजे रेक्टरही विद्यार्थ्यांमधलाच, आणि मास्तरांची फी पोरंच द्यायची म्हणून ऐकावंच लागायचं. लेक्चरला उशीर झाला, घंटा झाल्यावरही शिकवत बसले, की दंड! मास्तरांना गाव सोडून जायचं तर आधी अनामत ठेवा. मला हे फार भारी वाटतं. पॅरिसला मात्र उलटं, तिथे मास्तरांचीच संघटना.

प्रतिसाद २: पॅरिसचंही वाचा. १२२९ मध्ये दारूच्या बिलावरून भांडण पेटलं, शिपायांनी विद्यार्थी मारले, मग मास्तरांनी शिकवणंच बंद केलं आणि बरेचजण शहर सोडून गेले. १२३१ मध्ये पोपने विद्यापीठाला हक्क लिहून दिल्यावरच शिकवणं नीट सुरू झालं.

प्रतिसाद ३: ऑक्सफर्डला १३५५ मध्ये असंच, खानावळीतल्या वाईनवरून दंगल, ६३ विद्यार्थी मेले म्हणतात. मेयर आणि गावकऱ्यांना दरवर्षी चर्चमध्ये येऊन प्रायश्चित्त म्हणून एकेक पेनी द्यावी लागायची, ते थेट १८२५ पर्यंत!