कोकणाने कंपन्यांना पळवून लावलं म्हणे!

वाशिष्ठीकाठ (धागाकर्ता)

परवा एक पोस्ट फिरत फिरत आमच्या वाडीच्या ग्रुपवर आली. लिहिणारे गृहस्थ कुठल्याशा बहुराष्ट्रीय कंपनीत 'स्ट्रॅटेजी' बघतात. म्हणणं थोडक्यात असं: मोठी कंपनी परदेशात उतरते ती तीस वर्षांचा विचार करून, तिला फक्त स्थैर्य हवं असतं. कोकणी माणसाने एन्रॉन, जैतापूर, नाणार, बारसू असं ओळीने सगळ्यांना पळवून लावलं, आणि नीतिमत्तेच्या गप्पा पोट भरल्यावर मारायच्या असतात. खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. त्यात आमच्याच तालुक्यातले दोघे.

तीस वर्षांचा विचार? एन्रॉनचंच बघू, म्हणजे त्या अमेरिकी कंपनीचा दाभोळचा वीजप्रकल्प. जून १९९२ मध्ये सामंजस्य करार, डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदी करार. जागतिक बँकेने १९९३ मध्येच कळवलं होतं की हे राज्याला परवडणारं नाही, आम्ही पैसे घालणार नाही. तरी करार झाला. राज्य वीज मंडळाने वीज उचलली काय, न उचलली काय, स्थिर आकार भरायचाच, तोही डॉलरशी बांधलेला. वर केंद्राची प्रतिहमी. इंधन महागलं तर भुर्दंड आपला, रुपया घसरला तर तोही आपला. १९९५ मध्ये 'एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू' म्हणणारे शिवसेना-भाजपवाले निवडून आले, ऑगस्टमध्ये करार रद्द केला आणि नंतर त्यांनीच वाटाघाटी करून दुसरा टप्पाही पदरात घेतला. मे १९९९ मध्ये ७४० मेगावॅट सुरू झाले. मे २००१ मध्ये मंडळाने वीज घेणं बंद केलं. २ डिसेंबर २००१ रोजी ह्यूस्टनची ती कंपनीच दिवाळखोरीत. कोणी पळवलं तिला? प्रकल्पाशेजारच्या अंजनवेलच्या बायकांनी?

आणि त्यांची खरी स्ट्रॅटेजी ऐका. प्रकल्प जमवून आणणाऱ्या अधिकाऱ्यांना घसघशीत बोनस मिळायचा तो कर्जपुरवठा पक्का झाला की, पुढच्या अपेक्षित नफ्याच्या हिशोबाने. वीज तयार होते की नाही हे बघायची गरजच काय? जुलै २००० मध्ये याच कंपनीने आपल्या लोकांना ६४ पानी आचारसंहिता वाटली होती. सचोटी, आदर वगैरे सगळं आहे त्यात.

---

बॅलन्सशीट

आलं, एन्रॉन आलं. वाटच बघत होतो.

त्या करारावर सही कोणी केली? मंडळाने आणि सरकारने. कंपनी स्वतःला सोयीच्या अटी मागणारच. आपल्या बाजूने वाचणारा माणूस कमी पडला, त्याचं खापर 'भांडवलशाहीची अनीती' म्हणून फोडू नका. समोरच्याने हमी देऊ केली तर कुठली कंपनी नको म्हणेल?

आता आकडे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गाचीही घटली. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया. हे काही स्त्रीसन्मानाचं लक्षण नाही, पुरुष मुंबईला गेलेत. जामनगरला १९९९ मध्ये रिफायनरी सुरू झाली, तिथे काय झालं ते जाऊन बघा. आंब्याचं रडगाणं गाणाऱ्यांसाठी: रिफायनरीच्या आवारात ६०० एकरांची आमराई आहे.

---

कातळावरची कलमं

जामनगरच्या आमराईचं उदाहरण येणार हे माहीतच होतं. अहो, ती कंपनीची स्वतःची बाग आहे. पाणी त्यांचं, माणसांची फौज त्यांची, फळ लागलं नाही तरी कोणाच्या मुलीचं लग्न अडणार नाही. इथे आम्ही सुरुंग लावून कातळ फोडतो, खड्ड्यात माती भरतो, पहिली वर्षं कलमांना डोक्यावरून पाणी घालतो. थंडी लांबली की मोहोर फुकट, फेब्रुवारीत उकडलं की गळ. त्यात कोण सांगणार की गळ हवेमुळे झाली की चिमणीमुळे? नुकसानभरपाई मागायला गेलं की पुरावा आमच्याकडेच मागतात.

आणि जागतिक विस्तार म्हणाल तर तो आम्हीही करतो बरं. १ मे २०१४ पासून युरोपियन युनियनने आपला आंबा बंद केला. ऐन मोसमात. काही पेट्यांत फळमाशी सापडली म्हणून. उठवली ती बंदी २०१५ च्या जानेवारीत, म्हणजे हंगाम बुडाल्यावर. माशी सापडली ती काही पेट्यांत, शिक्षा साऱ्या देशाला. ज्यांची माशी नव्हती त्यांनाही. तेव्हा कोणी म्हटलं नाही की शेतकऱ्याला स्थैर्य हवं. मोठ्या कंपनीचा एक टँकर कुठे गळला तर साऱ्या तेलकंपन्यांचा धंदा बंद करतात का हो?

---

बॅलन्सशीट

@कातळावरची कलमं, माशीचा मुद्दा चांगला आहे, टाळ्या. पण त्यातून निघतं काय? की नियम कडक हवेत. मग मीही तेच म्हणतोय, नियम करा आणि येऊ द्या.

---

भोईवाडी

नियम आहेत साहेब. लोट्याच्या रासायनिक वसाहतीत सीईटीपी, म्हणजे सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे, प्रदूषण मंडळाचं ऑफिस आहे, कागदावर सगळं आहे. माझा बाप दाभोळ खाडीत पाग टाकायचा. पावसाची पहिली मोठी सर आली की रात्री कोणीतरी टाकी मोकळी करायचं आणि सकाळी मासे उताणे. नमुना घ्यायला माणूस येईपर्यंत दोन भरत्या-ओहोट्या होऊन जायच्या. खाडी धुऊन निघायची, आमची चूल तशीच. कोणती कंपनी ते सांगत नाही, सिद्ध करता येत नाही म्हणूनच तर सांगत नाही. तिच्या गेटवर 'शून्य अपघात' असा बोर्ड होता. माशांना अपघातात धरत नसतील.

माझा धाकटा भाऊ त्याच वसाहतीत कामाला आहे. हेपण लिहितो, नाहीतर उद्या कोणीतरी काढेल.

---

तूतीकोरीन-रिटर्न

नव्या मुलांना माहीत नसेल म्हणून. तांब्याचा तो स्टरलाइटचा कारखाना आधी रत्नागिरीत येणार होता. १९९२ मध्ये एमआयडीसीने जागा दिली, बांधकाम सुरू झालं, लोक उठले, १९९३ मध्ये काम थांबलं. तो गेला तुतिकोरीनला. तिथे २२ मे २०१८ रोजी पोलिसांनी गोळीबार केला, तेरा माणसं मेली, कारखान्याला टाळं लागलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उघडायला नकार दिला. मी तिथे ठेकेदाराकडे काही काळ होतो. रत्नागिरीच्या लोकांनी काय 'घालवलं' याचा हिशोब त्या पोस्टवाल्याने करावा.

---

बॅलन्सशीट

हिशोब करतो की. वर्षाला ४ लाख टन तांब्याचा कारखाना बंद झाला आणि तोवर तांबं निर्यात करणारा देश आयात करायला लागला. वीस वर्षं तिथल्या माणसांना पगार मिळाला, बंदरात माल हलला. गोळीबार पोलिसांनी केला, कंपनीने नाही.

---

वाशिष्ठीकाठ

'गोळीबार पोलिसांनी केला.' हेच वाक्य आम्ही एन्रॉनच्या वेळी गुहागरात ऐकलंय. ह्यूमन राइट्स वॉचचा जानेवारी १९९९ चा अहवाल वाचा. आंदोलकांवर दडपशाही करणाऱ्या बंदोबस्ताचा खर्च कंपनी देत होती असं त्यात लिहिलंय. हात सरकारचा, पैसे कंपनीचे. विचारायला गेलं की दोघं एकमेकांकडे बोट दाखवणार. याला तुमच्या भाषेत जोखीम व्यवस्थापन म्हणत असतील. बाहेर पडतानाही तसंच. एन्रॉनच्या भागीदार जीई आणि बेक्टेलने २००५ मध्ये तडजोड करून पैसे घेतले आणि गेले. कारखाना एनटीपीसी आणि गेलच्या गळ्यात. कंपनीला बाहेर पडायची वाट करारातच असते. वेलदूरच्या कोळणीला कुठल्या कलमाखाली बाहेर पडता येतं?

---

बॅलन्सशीट

भावनिक भाषण. पगार कोण देतं तुम्हाला? एखादी एनजीओ?

---

वाशिष्ठीकाठ

झेडपीची शाळा. तुम्हाला?

---

देवगडचो

रे बाबानू, तुमी हयसर नीतिमत्ता करत बसा. थयसर जमिनी कधीच इकून झाल्यो. नोटीस येवच्या आधीच.

---

कातळावरची कलमं

@देवगडचो हे खरं. आमच्या शेजारच्या गावात प्रकल्पाची बातमी पेपरात यायच्या आधी वर्षभर एजंट फिरत होते. कातळाला कोणी कुत्रं विचारत नव्हतं, अचानक एकरी भाव फुटला. कंपनीचं नाव एकाही खरेदीखतावर नाही. शेतकरी दाखला असलेले कुठले कुठले लोक, ज्यांनी जन्मात नांगर धरला नसेल. आणि विकणारे कोण? मुंबईचे चाकरमानी. गणपतीला चार दिवस येणार, पंख्याखाली झोपणार, जाताना फणस नेणार आणि मागून मुखत्यारपत्रावर सही करणार.

---

परळ-ते-पावस

झालं? चाकरमान्याला शिव्या दिल्या की कोकणचा विकास पूर्ण.

मॅडम, आमच्या सातबाऱ्यावर एकेचाळीस नावं आहेत. त्यातली निम्मी मेलेली. पणजोबांच्या नावाचा वारस तपास आजतागायत झालेला नाही, कारण गावातल्या काकांना तो नको आहे. बाग ते खातात, काजू ते विकतात, मुंबईला मनीऑर्डर तर सोडाच, आंब्याची पेटी पाठवली तरी भाडं आमच्याकडून. माझ्या वडिलांनी गिरणीच्या पगारातून घराची कौलं शाकारली. संप झाला, गिरणी गेली, तेव्हा गावातून किती जणांनी विचारलं? मग एक दिवस एजंट येतो आणि म्हणतो, तुमच्या हिश्श्याचे इतके. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी कबूल केलं की माझा हिस्सा आहे!

---

कातळावरची कलमं

म्हणून विकायचा? सामायिकात एकाने हिस्सा विकला की बाहेरचा माणूस आमच्या अंगणात हिस्सेदार होतो. मग तो वाटपाचा दावा लावतो. तारखांना रत्नागिरीला कोण जातं? आम्ही. मुंबईवाला नाही.

---

परळ-ते-पावस

मग त्याच किमतीला तुम्ही घ्या ना माझा हिस्सा. माझ्या काकांनी देऊ केलेल्या रकमेत चिपळूणला गाळाही येत नाही.

---

३२-ग

दोघांचंही ठीक चाललंय, कारण दोघांचीही नावं सातबाऱ्यावर आहेत. आमचं नाहीच. खोती, म्हणजे खोतांची जमीनदारी, गेली १९४९ च्या कायद्याने, कसणारी कुळं मालक व्हायची तो कृषक दिन झाला १ एप्रिल १९५७ रोजी, आणि आम्ही अजून सातबाऱ्याच्या इतर हक्कात 'कूळ' म्हणून लोंबकळतोय, काही सर्व्हे नंबरांवर तेही नाही. तीन पिढ्या वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन, आम्ही कसतो. भूसंपादनाचा पैसा आला की तो खाणार सातबाऱ्यावरचा. कंपनीचे साहेब ग्रामसभेत म्हणाले, आम्ही फक्त कायदेशीर मालकाशी बोलतो, आमचं धोरण आहे. काय सुंदर धोरण! तीनशे वर्षांचा अन्याय जसाच्या तसा उचलायचा आणि त्याला नियमपालन म्हणायचं.

विरोध करणाऱ्या समितीत तरी आम्हाला कुठे बसवतात? घोषणा द्यायला पुढे, बैठकीला मागे.

---

बॅलन्सशीट

हा पहिला प्रतिसाद ज्याला माझ्याकडे उत्तर नाही. बाकीच्यांनी हुरळून जाऊ नये. हा दोष कंपनीचा नाही, तुमच्या गावाचा आहे.

---

३२-ग

आमच्या गावाचा आहेच. पण फायदा कोणाला होतो ते तुम्हीच सांगितलंत.

---

कातळावरची कलमं

@३२-ग, कुळांचा प्रश्न वेगळा, इथे त्याची गल्लत नको. आमच्याकडेही कुळं आहेत, आम्ही कधी कोणाला उठवलं नाही.

---

३२-ग

'आम्ही कधी उठवलं नाही.' ताई, नाव लावून दिलंत का?

---

संपादक

वैयक्तिक पातळीवर जाणारे दोन प्रतिसाद उडवले आहेत. धाग्याचा विषय बहुराष्ट्रीय कंपन्यांची धोरणं हा आहे, वारस तपास नाही.

---

तूतीकोरीन-रिटर्न

संपादकसाहेब, कोकणात तो एकच विषय आहे.

---

अणूरेणू

जैतापूर राहिलंच. सहा अणुभट्ट्या, प्रत्येकी १६५० मेगावॅट. विकायला आली होती फ्रेंच कंपनी अरेवा. त्यांची फिनलंडमधली ओल्किलुओटोची तसलीच अणुभट्टी २००५ मध्ये बांधायला घेतली, नियमित वीज द्यायला २०२३ उजाडलं. त्या खर्चात अरेवाच बसली, अणुभट्ट्यांचा धंदा फ्रान्सच्याच ईडीएफ या वीजकंपनीकडे गेला. प्रकल्पाच्या जागेवरच्या माडबनच्या लोकांनी विरोध केला नसता तर आपण त्या रांगेत पैसे भरून उभे असतो. यात मी किरणोत्सर्गाचा शब्दसुद्धा काढलेला नाही, फक्त हिशोब मांडलाय. @बॅलन्सशीट यांना हिशोब आवडतो म्हणून.

---

बॅलन्सशीट

ठीक आहे. एन्रॉनचा करार भिकार होता, जैतापूर वेळेत झालं नसतं, लोट्याची खाडी घाण आहे. मान्य, मान्य, मान्य. आरती करू का आता? नाणारचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही. तिथे इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम, हिंदुस्तान पेट्रोलियम होत्या, सरकारी. सौदीची अराम्को आणि अबूधाबीची अॅडनॉक निम्म्या वाट्याने यायला तयार होत्या. ६ कोटी टनांची रिफायनरी. कोणाची बनवाबनवी होती तिथे? २०१९ मध्ये निवडणुकीच्या तोंडावर रद्द. माझा भाचा रसायन अभियंता आहे, राजापूरचा. गुजरातेत दहेजला नोकरी करतो. त्याची आई इथे एकटी असते. तिला सांगा तुमची नीतिमत्ता.

---

वाशिष्ठीकाठ

अराम्को का येत होती? तिला आपलं कच्चं तेल पुढची कित्येक वर्षं खपवायला हक्काचं गिऱ्हाईक हवं होतं. त्यात गैर काही नाही, पण मग तसं सांगा, 'कोकणचा विकास' म्हणू नका. नाणारनंतर रिफायनरीसाठी निवडलेल्या बारसूला तर माती तपासायला एप्रिल २०२३ मध्ये पोलिसांचा एवढा ताफा आणला की माती कमी आणि पोलीस जास्त. त्याच सड्यावर कातळशिल्पं आहेत, २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत. लोक करार बघायला मागत होते, त्यांना लाठी दाखवली.

तुमच्या भाच्याचं मात्र खरं आहे. माझ्या वर्गातून दहावी झालेल्यांपैकी तालुक्यात कोण राहिलं ते मोजायला बसलो तर मलाच लाज वाटेल. त्याला दहेजला जावं लागू नये असं मलाही वाटतं. पण त्यासाठी मी न वाचलेल्या कागदावर सही करणार नाही.

---

बॅलन्सशीट

कागद दाखवला तर वाचाल का, की तेव्हा मराठीत नाही म्हणून परत पाठवाल?

---

वाशिष्ठीकाठ

मराठीतच हवा. जमीन मराठीत आहे.

---

परळ-ते-पावस

@३२-ग, विषयांतराबद्दल संपादकांनी माफ करावं. आमच्या सर्व्हे नंबरातही इतर हक्कात एक कुळाचं नाव आहे. काकांनी ते काढायला अर्ज केलाय असं परवा तलाठ्याकडून कळलं. तुम्ही त्याच गावचे आहात का? असाल तर फेरफाराच्या नोटिशीवर हरकत घ्यायला पंधराच दिवस असतात.