पावसात इन्क्युबेटर लावला, पिल्लं अंड्यातच मेली. आणि परसात नक्की कुठली जात ठेवू?

वाळपईकर

नमस्कार मंडळी. घर सत्तरीत, मागे माड-फणस आणि थोडी मोकळी जागा आहे, आजीच्या काळापासून सात-आठ गावठी कोंबड्या कायम असतातच. यंदा मुलीने (आठवीत आहे) कुणाकडे तरी सिल्की (रेशमी पिसांची कोंबडी) बघितली आणि तेव्हापासून तिला ती पाळून कोंबड्यांच्या शोमध्ये न्यायचीय, बायको म्हणते घरात अंडी पुरली पाहिजेत, मित्र म्हणतो कडकनाथ घे. मी ४८ अंड्यांचा इन्क्युबेटर (अंडी उबवायचं मशीन) घेतला आणि जुलैत ३० अंडी लावली, १२ शेजाऱ्याकडची गावठी आणि १८ सिल्कीची, ती गोव्याबाहेरून कुरियरने मागवलेली. ६ फळलेलीच नव्हती, ४ पहिल्या आठवड्यात गेली, ९ पिल्लं आली (७ गावठी, २ सिल्की) आणि ११ पिल्लं पूर्ण तयार होऊन अंड्यातच मेली. फोडून बघितली तर ओली चिंब, चिकट. फार वाईट वाटलं, मुलगी तर दोन दिवस बोलली नाही. तापमान ३७.५ होतं, फॅनवालं मशीन आहे, अंडी वळवायची मोटर १८व्या दिवशी बंद केली, पाण्याची दोन्ही खाचं पहिल्या दिवसापासून भरलेली, माहितीपत्रकात लिहिलेलं तसंच केलं. मीटर ह्युमिडिटी (हवेतली ओल) ७०च्या आसपास दाखवत होतं. कुठे चुकलं? आणि जात कुठली ठेवू तेही सांगा प्लीज.

डिचोली_पोल्ट्री

चूक पाण्याची आहे, दुसरं काही शोधू नका. माहितीपत्रक कोरड्या हवेसाठी लिहिलेलं असतं, आपल्याकडे जुलैत खोलीतली हवाच ८०-९० टक्के दमट, त्यात तुम्ही दोन्ही खाचं भरलीत. अंड्यातलं पाणी थोडं थोडं उडून जायला लागतं, तेव्हाच बोथट टोकाकडचा हवेचा कप्पा मोठा होतो, आणि पिल्लू बाहेर यायच्या आदल्या दिवशी चोच त्या कप्प्यात घालून पहिला श्वास घेतं. पाणी उडालंच नाही तर कप्पा लहान राहतो, पिल्लू फुगतं, आत फिरायला जागा नाही, आणि तिथेच गुदमरतं. तुमची ११ तशीच गेली.

पावसाळ्यात मी पहिले १८ दिवस पाणी घालतच नाही. अजिबात. मशीनच्या उष्णतेने आतली ह्युमिडिटी आपोआप उतरते, तरी ५५च्या वर राहत असेल तर वरची हवेची भोकं पूर्ण उघडा. १८व्या दिवशी वळवणं बंद केलं की मग पाणी, तेव्हा ६५-७० हवीच, नाहीतर चोच मारल्यावर आतली पातळ साल सुकून पिल्लाला चिकटते. आणि त्यानंतर झाकण उघडायचं नाही, कितीही जीव तुटला तरी.

आकड्यावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नका, स्वस्त मीटर दहा-पंधरा टक्के चुकीचं दाखवतं. एका झाकणात मीठ घ्या, ओलं होण्यापुरतं पाणी घाला (विरघळवायचं नाही), ते आणि मीटर एका झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दाखवायला पाहिजे, जेवढा फरक तेवढी चूक. त्याहून पक्का उपाय म्हणजे स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. ३० अंडी लावताना समजा १५०० ग्राम भरली तर १८व्या दिवशी साधारण १३२० भरली पाहिजेत, म्हणजे १२ टक्के घट. कमी घटलं तर दमट, जास्त घटलं तर कोरडं. मी ७व्या आणि १४व्या दिवशी टॉर्च लावून अंडी आतून बघतो तेव्हाच वजनही करतो.

कुरियरची अंडी आल्या आल्या लावली का? धक्क्यांनी हवेचा कप्पा सुटलेला असतो. टोकदार बाजू खाली करून एक दिवस तशीच ठेवायची आणि मग मशीनमध्ये. फ्रिजमध्ये नको, धुवायचीही नाहीत. आठवड्याहून जुनी असतील तर आशा कमी ठेवा.

लाईट गेली तर घाबरू नका, झाकण बंद ठेवून वरून चादर टाका, दोन-तीन तास अंडी सहज काढतात. थंडीपेक्षा उष्णता लवकर मारते, त्यामुळे लाईट आल्यावर तापमान उगाच वाढवायला जाऊ नका.

माशेलची काकी

बाबा, घरात गावठी कोंबड्या असताना मशीन कशाला रे आधी? खुडूक (अंडी उबवायला) बसलेल्या एका कोंबडीखाली १०-१२ अंडी घाल (सिल्कीची लहान असतात, दोन-तीन जास्त मावतात), ती ओल, ऊब, वळवणं सगळं तुझ्यापेक्षा बरं सांभाळते. मी मशीन वाईट म्हणत नाही, पण आधी कोंबडीकडून शीक. कोंबडी रात्री बसवायची, दिवसा जागा बदलली तर उठून जाते. बाकीच्यांपासून वेगळं डालगं किंवा खोका, खाली पेंढा, आणि पेंढ्याखाली मूठभर चुलीतली राख टाक म्हणजे किडे लागत नाहीत. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने खूण कर, दुसऱ्या कोंबड्या येऊन आपलं अंडं घालून जातात, मग २१व्या दिवशी अर्धी बाहेर आणि अर्धी कच्ची, आणि कोंबडी पिल्लं घेऊन उठली की राहिलेली फुकट. दिवसातून एकदा तिला उठवून दाणा-पाणी दे, काही कोंबड्या उपाशी बसून राहतात.

अंड्यांसाठी ग्रामप्रिया घे, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची जात, वर्षाला २०० च्या आसपास देते, आपली गावठी ६०-७० वर थांबते. जुन्या गोव्यातल्या एलाच्या कृषी संस्थेत पिल्लांची चौकशी कर. पण ग्रामप्रिया खुडूक बसत नाही, आणि ती संकरित, तिच्या अंड्यातून आलेली पिल्लं आईसारखी निघत नाहीत, म्हणून दर खेपेला नवी पिल्लं आणावी लागतात. गावठी त्यासाठीच सोडू नकोस. मुंगूस-घार ओळखणारी कोंबडी तीच.

काणकोण_सिल्की

शोचा विषय आहे म्हणून लिहितो, मी सहा वर्षं सिल्की करतोय. तुमच्या मुलीला आधी हे सांगा की शोची कोंबडी आणि अंड्याची कोंबडी एका कळपात होत नाही. तुमच्या परसात गावठी कोंबडा मोकळा फिरत असेल तर सिल्की माद्या त्याच्याबरोबर एक दिवसही नको. कोंबडीच्या पोटात कोंबड्याचं बीज दोन-तीन आठवडे टिकतं, म्हणजे वेगळं केल्यावरही पहिल्या तीन आठवड्यांची अंडी खायची, उबवायची नाहीत. मिसळ झाली तर पिल्लं बहुतेक काळसर कातडीची आणि पाच बोटांची येतात, पण पिसं साधी, कारण रेशमी पिसांचा गुण दोन्हीकडून आला तरच दिसतो. लोक ती पिल्लं "सिल्की क्रॉस" म्हणून विकतात, घेऊ नका.

शोमध्ये पंच काय बघतात ते सांगतो. पायाला पाच बोटं, चार असतील तर बाद. कातडी काळी-निळसर, तुरा अक्रोडासारखा आणि गडद जांभळट, लाल नको, कानाची पाळी निळी, डोक्यावर पिसांचा झुबका, पायावर पिसं. पांढऱ्या पक्ष्यात पिवळी झाक आली तर मागे पडतो, म्हणून शोचा पक्षी उन्हात फार सोडायचा नाही. नर-मादी पाच-सहा महिन्यांपर्यंत नीट कळत नाही, तेव्हा पिल्लू असताना "मादीच आहे" म्हणून जास्त पैसे देऊ नका. अंडी फळत नसतील (तुमची ६) तर कोंबडा आणि कोंबडी दोघांचीही मागची पिसं कातरून बघा, दाट पिसांमुळे जुळत नाही, हे फार जण विसरतात.

आता पाऊस. सिल्कीच्या पिसांना एकमेकांत अडकणारे आकडे नसतात, त्यामुळे पाणी ओघळून जात नाही, आत मुरतं. जून ते सप्टेंबर त्यांना पत्र्याखाली, जमिनीपासून वर फळीवर, खाली रोज कोरडा भुसा. पायाच्या पिसांना चिखल लागून माइट (बारीक किडे) होतात तेही बघा. ब्रह्मा, कोचीन या पायावर पिसं असलेल्या जातींनाही हाच त्रास, आणि ते जड असल्यामुळे मार्च-एप्रिलच्या उन्हात धापा टाकतात. आपल्या किनाऱ्याला खरंतर उघड्या मानेची कोंबडी सगळ्यात सुखी, अंगावर पिसं कमी म्हणून उष्णता बाहेर पडते, पण तिला कुणी भाव देत नाही हे दुःख आहे.

कडकनाथ चांगला पक्षी, झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला. पण काळेपणाचा गुण संकरातही दिसतो, म्हणून नुसतं काळं बघून घेऊ नका, तुरा, जीभ, तोंडाचा आतला भाग सगळं गडद पाहिजे. आणि अंडं काळं नसतं, मातकट-पांढरं असतं, काळं अंडं म्हणून कुणी विकत असेल तर तिथून निघा. असील (झुंजीची म्हणून ओळखली जाणारी जात) घेणाऱ्यांना एकच विनंती, तमिळनाडूत पोपटचोचीच्या असीलचे देखणे शो भरतात तसे भरवा, झुंजी नकोत, १९६० च्या कायद्याने तो गुन्हा आहे.

वाळपईकर

सगळ्यांचे खूप आभार. उशिरा लिहितोय कारण करून बघितलं. मीठवाली टेस्ट केली, माझं मीटर ७५ ऐवजी ६३ दाखवत होतं, म्हणजे जुलैत आत ८० च्या वर होतं. काकींचं ऐकून एका गावठी कोंबडीखाली १० सिल्कीची अंडी घातली, यावेळी गोव्यातूनच स्वतः जाऊन आणली, ८ पिल्लं आली. मशीनमध्ये २४ लावली, १८ दिवस कोरडी, वजन १२ टक्क्यांच्या जवळ घटलं, १७ आली, अंड्यात मेलेली फक्त २. मुलगी वहीत एकेकाची बोटं मोजून लिहितेय. ग्रामप्रिया पुढच्या महिन्यात. आता लसीचं सांगा, पिल्लं चार दिवसांची आहेत.

डिचोली_पोल्ट्री

वा! लासोटा ५ ते ७ दिवसांत, डोळ्यात एक थेंब, ती मानमोडीची, चुकवायची नाही. गंबोरो रोगाची लस १४व्या दिवशी. कुपी १०० किंवा जास्त डोसची असते, शेजारच्यांना सांगून सगळ्यांची एकाच दिवशी करा. बर्फावरून आणायची, मिसळल्यावर दोन तासांत संपवायची, उरलेली ठेवायची नाही. पशुवैद्यकीय दवाखान्यात आदल्या दिवशी फोन करून जा. आणि बल्बखाली आता ३५ डिग्री, दर आठवड्याला तीनेक डिग्री कमी करत जा, पिल्लं बल्बखाली गोळा झाली तर थंडी वाजतेय, लांब पळाली तर गरम होतंय.

माशेलची काकी

कोंबडीखालच्या आठांना बल्ब नको हं. फक्त रात्री डालगं झाकून त्यावर दगड ठेव, मुंगूस उचलतो.