एमआयई घेऊन खरंच काही उपयोग आहे का?

पाना_पक्कड:
मी मेकॅनिकलवाला, चाकणला 6 वर्षं झाली. आमचे साहेब मागे लागलेत की इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची मेंबरशिप घे, नावापुढे एमआयई लाव. पण नुसती शेपटी लावायला पैसे कशाला घालायचे? ही सरकारी संस्था आहे की क्लब? लायसन्स वगैरे देतात का?

जुना_ओव्हरसियर:
क्लब म्हणू नकोस रे बाबा, आमचं घर चाललंय त्यावर. मी डिप्लोमा करून साइटवर लागलो, डिग्रीला जायची ऐपत नव्हती, मग एएमआयई, म्हणजे याच संस्थेची दोन भागांची परीक्षा. दिवसा काँक्रीट आणि रात्री सेक्शन ए, मग सेक्शन बी, पेपर सुटता सुटत नव्हते, पण पास झालं की केंद्र सरकार ते बीईच्या बरोबरीचं धरायचं. आता ते राहिलं नाही, 31 मे 2013 पर्यंत नाव नोंदवलेल्यांनाच ती मान्यता. कोणी क्लासवाला आजही "डिग्री समान" म्हणून गळ्यात मारत असेल तर सावध.

खडकवासलाकर:
सरकारी नाही. 1920 ला मद्रासला कंपनी कायद्याखाली नोंदली, ऑफिस कलकत्त्यात, तेही गोखले रोडवर, म्हणजे आपल्या नामदार गोखल्यांच्याच 😄 1935 ला पाचव्या जॉर्जची रॉयल चार्टर म्हणजे सनद मिळाली, संस्था मेंबरला 'चार्टर्ड इंजिनिअर' हा किताब देते, त्यातलं चार्टर्ड ते हेच. 15 सप्टेंबरचा इंजिनिअर्स डे पण यांनीच 1968 पासून चालू केला, विश्वेश्वरय्यांचा वाढदिवस. म्हैसूरचे दिवाण म्हणून सगळे ओळखतात पण माणूस शिकला पुण्यात, 1884 ला मुंबई इलाख्याच्या पीडब्ल्यूडीत लागला आणि त्यांचे आपोआप उघडणारे धरणाचे दरवाजे पहिल्यांदा बसले ते आमच्या खडकवासल्याला, 1903 साली. इथे कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.

व्हॅल्युएशनवाला:
लायसन्सचं उत्तर कोणी दिलंच नाही. नाही देत. आर्किटेक्टांना 1972 चा कायदा आहे, कौन्सिलकडे नोंदणी नसेल तर स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. इंजिनिअरला देशपातळीवर तसं काहीच नाही, त्यामुळे उद्या कोणीही पाटी लावू शकतो, आणि स्ट्रक्चरलवाल्यांना लायसन्स लागतं ते महापालिकेचं. संस्था फारतर स्वतःच्या मेंबरला मेंबरशिपवरून काढेल, धंदा बंद नाही करू शकत. आता उपयोग. जुनी मशिनरी बाहेरून आणायची असली की कस्टमला चार्टर्ड इंजिनिअरचं सर्टिफिकेट लागतं, मशीन किती सालचं, अजून किती वर्षं चालेल, किंमत काय. माझं दुकान त्यावरच चालतं. पण एमआयई झालं म्हणजे सीई, म्हणजे चार्टर्ड इंजिनिअर, झालं असं नाही, त्याचा अर्ज वेगळा, अनुभव दाखवावा लागतो.

पाना_पक्कड:
अच्छा, म्हणजे नोकरीच करायची असेल तर घाई नाही. आमचे साहेब रिटायर झाल्यावर व्हॅल्युएशनच करायचं म्हणतायत, आता कळलं एवढं का मागे लागलेत. काका, सेक्शन ए किती वेळा दिली तुम्ही?

जुना_ओव्हरसियर:
ते विचारू नकोस.