खानापूर मतदारसंघातून समितीचे वर्चस्व कसे ओसरले?

प्रश्न : १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर कित्येक दशके सीमाभाग महाराष्ट्रात यावा अशी मागणी करणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीला साथ देणारा कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याचा खानापूर तालुका, ज्याचा बराचसा भाग सीमाप्रश्नासाठी नेमलेल्या महाजन आयोगानेही महाराष्ट्राला द्यावा असे सुचवले होते, राष्ट्रीय पक्षांकडे नेमका केव्हा आणि का वळला? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : पहिला मोठा धक्का २००८ चा. त्या वर्षी भाजपचे प्रल्हाद रेमाणी निवडून आले आणि समितीला राज्यात एकही जागा मिळाली नाही. २०१३ मध्ये अरविंद पाटील यांनी खानापूर परत मिळवले. परंतु २०१८ मध्ये समितीच्या दोन गटांचे दोन उमेदवार उभे राहिले, मराठी मते फुटली आणि काँग्रेसच्या डॉ. अंजली निंबाळकर विजयी झाल्या. त्या दोघांची मते एकत्र केली तर ती विजयी मतांहून अधिक भरतात, आणि हे आम्हा सीमावासीयांना फार लागले आहे.

दुसरे उत्तर : दुफळी खरीच, पण तेवढ्यावर थांबू नये. २०२३ मध्ये भाजपचे विठ्ठल हलगेकर मोठ्या फरकाने जिंकले. मराठी उमेदवार आता राष्ट्रीय पक्षांकडूनही मिळतो, त्यामुळे भाषेच्या प्रश्नाबरोबर रस्ते, पाणी आणि ऊसदर यांचाही विचार करून मत देणे गावकऱ्यांना अवघड वाटत नाही.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. लोकसभेला खानापूर बेळगावात नसून उत्तर कन्नड मतदारसंघात येते. त्याचा परिणामही कोणी मांडावा.