मदत हवी आहे: हायस्कूलच्या शिक्षकांना उपचारात्मक वाचन कसं शिकवावं?

नमस्कार. हायस्कूलच्या विषयशिक्षकांसाठी उपचारात्मक वाचनाचं, म्हणजे वाचनात मागे पडलेल्या मुलांना वाचायला शिकवण्याचं, प्रशिक्षण आखतेय. अडखळत वाचणाऱ्या मोठ्या मुलांपुढे पहिलीचं पुस्तक ठेवलं की ती मिटूनच जातात. ही लाज मला सगळ्यात मोठा अडथळा वाटते. गफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ मध्ये मांडलेल्या सूत्रात वाचनाचं आकलन म्हणजे शब्दवाचन गुणिले भाषेची समज. एक बाजू शून्य, तर सगळंच शून्य. म्हणून अक्षरओळख, ओघ, शब्दसंपत्ती आणि मनातली भीती एकत्रच हाताळायची आहे. पण विज्ञान-इतिहासाचे शिक्षक म्हणतात, "हे भाषेच्या शिक्षकांचं काम." त्यांना स्वतःच्या तासातच जमेल असं काय द्यावं? सलग दोन दिवसांचं शिबिर की वर्षभर वर्गात सोबत बसून? ज्यांनी केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.