मदत हवी आहे: मुलीसाठी 'लिव्हिया' हे रोमन नाव ठेवावं का?

इटलीची_सून

मुक्काम पादोवा, उत्तर इटली. सातवा महिना सरतोय, मुलगी आहे हे कळलंय (इथे सांगतात). नवरा इटालियन, माझा पासपोर्ट भारतीय. सासरचा कल जुन्या रोमन नावांकडे आहे. यादीत तीन नावं: लिव्हिया, फ्लाव्हिया, ऑक्टाव्हिया. मला लिव्हिया बरं वाटतंय, सोबत 'गौरी' हे दुसरं नाव.

प्रश्न असे:
१. लिव्हियाचा खरा अर्थ काय? एका ठिकाणी 'ऑलिव्ह', दुसरीकडे 'निळसर', तिसरीकडे 'जीवन' असं वाचलं.
२. रोमन सम्राट ऑगस्टसची बायको लिव्हिया विषप्रयोगासाठी बदनाम आहे. मुलीच्या नावाला ते चिकटेल का?
३. माहेरी, म्हणजे सांगलीत, हे नाव कसं लिहिलं आणि उच्चारलं जाईल?
४. दोन नावं आणि कागदपत्रं यांत काय घोळ होऊ शकतो?

"दोघांना आवडलं म्हणजे झालं" असे प्रतिसाद कृपया नकोत, ते घरचे देतायत.

---

लॅटिन_शिकवणी

आधी अर्थ. लिव्हिया हे मुळात 'नाव' नव्हतंच, ते कुळाचं नाव होतं. रोमन पुरुषाच्या नावात साधारण तीन भाग: स्वतःचं, कुळाचं आणि शाखेचं. बायकांना प्रजासत्ताकाच्या उत्तरकाळात स्वतःचं वेगळं नाव सहसा नसेच, कुळनावाचं स्त्रीलिंगी रूप हेच त्यांचं नाव. ज्युलियस कुळातली ज्युलिया, कॉर्नेलियस कुळातली कॉर्नेलिया, लिव्हियस कुळातली लिव्हिया. दोन बहिणी असल्या तर थोरली आणि धाकटी. जोश्यांच्या घरातल्या सगळ्या मुलींचं नाव 'जोशीण' ठेवावं, तसलाच प्रकार.

त्यामुळे 'अर्थ काय' या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर: लिव्हियस कुळातली. कुळनावाची व्युत्पत्ती अनिश्चित आहे. 'निळसर' हा अर्थ लॅटिनमधल्या 'लिव्हेओ' (निळं-काळं पडणं) या क्रियापदाशी जोडलेला तर्क. ऑलिव्हशी संबंध नाही, तो शब्द ग्रीकमधून आला आणि त्याची मुलगी ऑलिव्हिया. 'जीवन' हा अर्थ स्कँडिनेव्हियातल्या 'लिव्ह' या वेगळ्याच नावाचा. नावांच्या संकेतस्थळांनी तिघींची भेळ केली आहे.

गंमत म्हणजे ऑगस्टसच्या लिव्हियाचे वडील जन्माने क्लॉडियस कुळातले होते, दत्तक गेले म्हणून लिव्हियस झाले. दत्तकविधान झालं नसतं तर ती क्लॉडिया असती, आणि त्या नावाचं मूळ 'लंगडा' या शब्दाशी जोडलं जातं. सिसिलियाचं 'आंधळा' याच्याशी. रोमन नावांत अर्थ शोधत बसलं की हे असं होतं. ऑक्टाव्हियाचं मूळ 'आठवा', फ्लाव्हियाचं 'पिवळसर, सोनेरी केसांचा'. अर्थावरून नाव निवडणार असाल तर ही यादी बाजूला ठेवा आणि संस्कृतकडे वळा.

विषाबद्दल. रोमन इतिहासकार टॅसिटस संशय पेरतो, थेट आरोप फारसा करत नाही. ऑगस्टसला झाडावरच्याच अंजिरांना विष लावून दिलं ही अफवा डिओ कॅशियस या इतिहासकाराने नोंदवली, तीही घटनेनंतर सुमारे 200 वर्षांनी. पुराव्याच्या बाजूला काय आहे? इ.स.पू. 38 पासून इ.स. 14 पर्यंत, म्हणजे 51 वर्षं टिकलेला संसार. चरित्रकार स्वेटोनियसने दिलेले ऑगस्टसचे शेवटचे शब्द साधारण असे: "लिव्हिया, आपला संसार आठवणीत ठेव आणि जग. येतो." इ.स. 42 मध्ये सम्राट क्लॉडियसने तिला देवत्व दिलं. विषकन्येची आजची प्रतिमा मुख्यतः विसाव्या शतकातल्या इंग्रजी कादंबरी-मालिकांतून आली. इटलीत लिव्हिया हे साधं, प्रतिष्ठित, थोडं आजीच्या पिढीचं वाटणारं नाव आहे. पादोव्यात तर उलट फायदाच: इतिहासकार टायटस लिव्हियस तिथलाच, आणि विद्यापीठाच्या एका इमारतीचं नाव 'लिव्हियानो' आहे.

अवांतर: रोमन लेखक प्लिनी म्हणतो की ऑगस्टसची लिव्हिया आपल्या दीर्घायुष्याचं श्रेय पुकिनुम या ठिकाणच्या वाइनला देत असे. सासऱ्यांना सांगा, नाव लगेच पक्कं होईल.

---

काना_मात्रा

इतिहास ठीक आहे, पण नाव रोज हाकेत वापरायचं असतं. उच्चाराच्या अडचणी मोठ्या आहेत.

इटालियनमध्ये पहिली 'ली' दीर्घ आणि आघात तिच्यावर, शेवट जवळजवळ 'व्या': लीव्या. इंग्रजीत लिव्हिया. अभिजात लॅटिनमध्ये 'व'चा उच्चार ओठ गोल करून, म्हणजे लीविआ. स्पॅनिश बोलणारे 'ब' आणि 'व' वेगळे काढत नाहीत, त्यांच्या तोंडी लिव्हिया आणि लिबिया हा देश अगदी एकच. बंगाली मित्रमंडळी असली तर त्यांच्या तोंडी 'व्ह'चा 'भ' होतो: लिभिया.

दुसरी अडचण ऑलिव्हिया. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2016 पासून सलग अनेक वर्षं मुलींच्या नावांत ते पहिल्या क्रमांकावर होतं. इंग्रजी देशात शिकायला गेलीच तर "ऑलिव्हिया का? नाही? मग लिडिया?" हे जन्मभर. शिवाय इंग्रजीत 'लिव्हिड' म्हणजे संतापलेला आणि इटालियनमध्ये 'लिव्हिदो' म्हणजे मार लागून आलेला निळा डाग. इटालियन मुलं यावरून फारसं चिडवत नाहीत, नाव ओळखीचं असल्यामुळे. सांगलीत मात्र 'लिव्हर' ठरलेलं आहे, मनाची तयारी ठेवा.

मराठीत व्याकरण छान बसतं: शेवट प्रिया, छाया यांच्यासारखा, त्यामुळे लिव्हियाला, लिव्हियाचं, लिव्हियाकडे असं सहज होतं. लाडाचं 'लिवू' आपोआप तयार होईल. लेखनात 'लिव्हिया' आणि 'लिविया' असे दोन पर्याय. मराठीत इंग्रजी व्ही साठी 'व्ह' रूढ आहे, हिंदीत 'लिविया' लिहितात. एकच निवडा आणि पत्रिका, बारशाचं आमंत्रण, सगळीकडे तेच ठेवा.

ऑक्टाव्हियाबद्दल एकच वाक्य: भारतात ती स्कोडाची गाडी आहे. इटालियनमध्ये रूप 'ओत्ताव्हिया' होतं, म्हणजे दोन देशांत दोन स्पेलिंगं, तो वैताग वेगळा.

---

वसईचा_वारा

फ्लाव्हियाला यादीतून इतक्या लवकर काढू नका. वसई आणि गोव्याच्या ख्रिस्ती घरांत फ्लेव्हिया, सिल्व्हिया, क्लॉडिया ही नावं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. महाराष्ट्रात ते ऐकून कुणी "हे काय नाव?" विचारणार नाही. फक्त आपल्याकडे उच्चार 'फ्ले', इटलीत 'फ्ला'. रोमन लिपीतलं स्पेलिंग एकच, त्यामुळे कागदावर त्रास नाही.

बाप्तिस्मा करणार असाल तर संताचंच नाव हवं ही सक्ती आता नाही. 1983 च्या चर्चच्या कायदेसंहितेत, कलम 855 मध्ये, नाव ख्रिस्ती भावनेला परकं नसावं एवढंच म्हटलंय.

---

नोंदणी_नाना

चौथ्या प्रश्नाचं उत्तर नीट वाचा, खरा घोळ इथे होतो.

मुदत: जन्माची नोंद हॉस्पिटलमध्येच करायची तर 3 दिवसांत, कोमूनेत (नगरपालिकेत) करायची तर 10 दिवसांत. बारसं बाराव्या दिवशी! म्हणजे सांगलीची पद्धत धरून नाव बाराव्या दिवशी जाहीर करायचं असेल, तरी सरकारदरबारी ते दोन दिवस आधीच लागलेलं असतं. उशीर झाला तर नोंद होते, पण कारण द्यावं लागतं आणि सरकारी वकिलाला कळवलं जातं. त्या फंदात पडू नका. आत्या कानात जे सांगेल ते आधीच ठरवून ठेवा.

अल्पविराम: इटलीच्या नागरी नोंदणीचा कायदा (2000 चा अध्यादेश क्रमांक 396, कलम 35) जास्तीत जास्त तीन नावं देऊ देतो. 2012 च्या दुरुस्तीनंतर नियम असा: नावांमध्ये अल्पविराम असेल तर उताऱ्यांत आणि दाखल्यांत फक्त पहिलं नाव येतं. अल्पविराम नसेल तर सगळी मिळून एक नाव, आणि ते प्रत्येक ठिकाणी पूर्ण लिहावं लागतं. म्हणजे

'लिव्हिया, गौरी': रोजच्या कागदांवर फक्त लिव्हिया.
'लिव्हिया गौरी': शाळा, बँक, विमानाचं तिकीट, सगळीकडे दोन्ही.

याचा परिणाम कर-ओळखक्रमांकावरही होतो. कोदिचे फिस्कालेत नावाची तीन अक्षरं येतात. नुसत्या लिव्हियात व्यंजनं दोनच, म्हणून पुढे स्वर घेऊन एल-व्ही-आय. अल्पविराम नसलेल्या लिव्हिया गौरीत व्यंजनं चार (एल, व्ही, जी, आर), आणि चार किंवा जास्त असली की पहिलं, तिसरं, चौथं घेतात: एल-जी-आर. पुढे कुणी "गौरी गाळा" म्हटलं तर क्रमांकही बदलेल. नोंदणी अधिकारी तोंडी विचारतो, घाईत 'हो' म्हटलं जातं. सही करण्याआधी मसुद्यात अल्पविराम आहे की नाही हे बोट ठेवून बघा. नंतर नाव बदलायचं तर प्रिफेक्टकडे (प्रांतातल्या सरकारी प्रतिनिधीकडे) अर्ज, आणि तो लांबतो.

आडनाव: 2022 च्या घटनात्मक न्यायालयाच्या 131 क्रमांकाच्या निकालानंतर आई-वडील दोघांची आडनावं लागतात, क्रम दोघांनी ठरवायचा. एकच हवं असेल तर दोघांची संमती लागते. दोन नावं अधिक दोन आडनावं म्हणजे फॉर्मच्या चौकटी संपतात.

भारत: वडील इटालियन म्हणून मुलगी जन्माने इटालियन. तिचा इटालियन पासपोर्ट काढणार असाल तर भारतीय पासपोर्ट नाही, ओसीआय (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड). त्यावर नाव परदेशी पासपोर्टप्रमाणेच येतं. गौरी भारतीय कागदावर दिसायला हवी असेल तर अल्पविराम टाकू नका, घरापुरतीच हवी असेल तर टाका. माझं मत: टाका.

---

इटलीची_सून

अल्पविरामाचं कुणीच सांगितलं नव्हतं, आभार. अजून एक. आईला जन्माक्षरावरून नाव हवंय. 'ली' चालेल का?

---

काना_मात्रा

अवकहडा चक्रात (नक्षत्राच्या चरणावरून नावाचं आद्याक्षर देणाऱ्या तक्त्यात) 'ली' हे भरणी नक्षत्राचं पहिलं चरण, मेष रास. चंद्र एका चरणात साधारण सहा तास असतो आणि चरणं 108. म्हणजे ठरवून जमायचं नाही. नावरसाचं नाव वेगळं काढा, ते पत्रिकेत राहतं, कोमूनेला त्याच्याशी घेणं नाही.

---

नोंदणी_नाना

आणि पत्रिकेतलं तिसरं नाव भावनेच्या भरात मसुद्यात घालू नका. तीनची मर्यादा तिथेच संपते.

---

इटलीची_सून

अल्पविराम पक्का. नाव अजून नाही, सासूबाई फ्लाव्हियावर अडल्या आहेत. प्लिनीची वाइन आज संध्याकाळी काढते.